चळवळीत हे नव्हते

गुरुपादप्पा बार्शीहून आला की आधी पाणी मागायचा, मग बोलायचा. त्या दिवशी त्यानं पाणी मागितलं नाही. आत येऊन दार लोटलं आणि कडी घातली.

"वीरभद्राचा निरोप हाय," तो म्हणाला. "धड हाय, काळजी करू नका. पर मुंबईत अडकून पडलाय."

गुरुपादप्पा लातूरच्या गंजातला, म्हणजे बाजारपेठेतला, शेंगांचा व्यापारी. घराला घर लागून, आणि वर भावकीतला. बार्शीची छोटी आगगाडी अजून चालू होती. निजामाच्या हद्दीतून हिंदुस्थानच्या हद्दीत जाणाऱ्याची नाक्यावर झडती व्हायची, पण त्याच्याकडं व्यापाऱ्याचा परवाना होता, म्हणून अर्ध्या गंजाचे निरोप त्याच्याच जिभेवरून ये-जा करत. मुंबईत तिरंगा लागला त्याला आता पावसाळा जाऊन उन्हाळा लागत होता. लातूरच्या कचेरीवर मात्र अजून आसफजाही झेंडा होता आणि मैदानात रोज सकाळी रझाकारांची कवायत चालायची.

शिवकांताचा नवरा वीरभद्र आगबोटीवर आगवाला होता. बॉयलरच्या तोंडात कोळसा लोटायचं काम. लिंगायताच्या पोरानं गंजातली गादी सोडून दर्यावर जावं, हे त्याच्या बापाला अखेरपर्यंत पचलं नाही. म्हातारा असेतोवर घरात त्याचं नाव निघत नसे. सबंध लढाईभर वीरभद्र इंग्रजांच्या बोटींवर राबला. भट्टीपुढंसुद्धा त्यानं गळ्यातलं लिंग काढलं नाही. चांदीची डबी तापून तापून त्याच्या छातीवर काळपट चट्टा पडला होता. सुट्टीवर आला की शिवकांता त्याला तूप लावायची.

"अडकले म्हंजे?"

"इंग्रजाच्या बोटी आता माणसं कमी करलालेत. नॉर्वे म्हणून कुठला मुलूख हाय, त्यांची बोट लागलीय. तिला आगवाले पाहिजेत. वीरभद्राचं काम बघून कप्तान खूश हाय. पर त्याच्या जुन्या कागदावर लिहिलंय, हैदराबादचा रयत, इंग्रज सरकारच्या रक्षणातला. बोटीचा एजंट म्हणाला, रक्षण करणारे तर बोटीत बसून गेले. आता तू कुणाचा?"

नागम्मा, शिवकांताची सासू, कोपऱ्यात तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "कुणाचा म्हंजे? माझा."

"तसं न्हाई चालत, नागम्मा. परक्या देशाच्या बोटीवर चढायचं तर कुठल्यातरी सरकारनं म्हणावं लागतं, हा आमचा माणूस, ह्याच्यावर काही खटला न्हाई, हा परत आला तर आम्ही घेऊ. न्हाईतर बंदरात उतरूच देत न्हाईत. अशा माणसाला कप्तान कशाला घेईल? लातूरच्या तहसीलमधून मुल्की, म्हंजे ह्याच मुलखातला, असल्याचा दाखला पाहिजे. बोट भरूलालीय. भरली की निघाली."

"मग ह्यांनीच यावं की," शिवकांता म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उत्तर कळलं.

"मुंबईहून येणारा हरेक जण त्यांना काँग्रेसवाला दिसतो. नाक्यावरच धरतील. तूच जा. बायकोची जबानी घेतात."

मग तिघांचीही नजर नकळत आतल्या खोलीकडं गेली. तिथं पोत्यांच्या थप्पीमागं वाकळेवर माणिकप्पा पडला होता. वीरभद्राचा चुलतभाऊ. तो निजामाविरुद्धच्या चळवळीतला, हद्दीपलीकडच्या छावणीत होता. आठवड्यामागं पोटरीत गोळी घेऊन, ऊसातून सरपटत, तो लातुरात आला होता, कारण त्याला दुसरं घर नव्हतं. त्याला ताप होता. शिवकांता रोज जखम धुवून हळद भरत होती, आणि त्या मांसाचा रंग रोज बिघडत होता.

"पोलिसांत त्याचं नाव हाय," गुरुपादप्पा हळूच म्हणाला. "ध्यानात ठेव."

ते ध्यानात ठेवायला सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दत्तोपंत मास्तरांकडं गेली. मास्तर मूळचे नांदेडचे. लातूरच्या मराठी शाळेत त्यांचा जन्म गेला होता, चौथीपर्यंत शिवकांता त्यांच्याच हाताखाली शिकली होती. माणिकप्पाचं त्यांना काही माहीत नव्हतं, आणि तिनं सांगितलंही नाही. एवढंच म्हणाली, "कचेरीत काय बोलायचं, कसं बोलायचं, भ्या वाटतंय."

मास्तरांनी तिला खांबाशी बसवलं. "तहसीलदार उर्दूत विचारणार, तू मराठीत सांगणार, पेशकार ते उर्दूत उतरवणार. तुझं बोलणं तीन माणसांच्या हातांतून जायचं आहे. म्हणून वाक्य आखूड ठेव. आणि शब्द जागेवर ठेव."

"जागेवर म्हंजे?"

"आपल्या भाषेत शब्द कुठंही बसतो, म्हणून आपण बेफिकीर असतो. पण ऐकणारा बेफिकीर नसतो. 'लातूरला वीरभद्र जन्मला' म्हणालीस तर तू कोण जन्मला ते सांगतेस. 'वीरभद्र लातूरला जन्मला' म्हणालीस तर कुठं ते सांगतेस. जे त्याला आधीच ठाऊक आहे ते पुढं घाल. जे त्याच्या पदरात टाकायचं आहे ते क्रियापदाला चिकटव. ऐकणारा तेवढंच घेऊन घरी जातो."

तिनं ते मनावर घेतलं. भाकरी थापताना, पाणी शेंदताना तिचे ओठ हलत. हे लातूरला जन्मले. ह्यांचं घर गंजामागं हाय. हे लढाईत सरकारच्या बोटीवर होते. प्रत्येक वाक्य ती शेवाळलेल्या पायऱ्या उतरावं तशी जपून उतरायची. आतल्या खोलीतून माणिकप्पा कण्हला की वाक्य तुटायचं आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

तो शिवरात्रीचा आठवडा होता. सिद्धेश्वराची यात्रा भरली होती, खेड्यापाड्यांतून आलेल्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते. त्यातून वाट काढत ती कचेरीत पोचली. बाकावर बसून राहिली. तिच्या पुढं गेलेला एक माणूस हातातलं पागोटं चुरगाळत बाहेर आला आणि निघून गेला.

तहसीलदार उतारवयाचे होते. हैदराबादचे, पण आधी नांदेडला काढलेली वर्षं त्यांच्या बोलण्यात दिसत होती. मराठी त्यांना चांगली कळायची, तोडकीमोडकी बोलताही यायची. शेजारी माधवराव पेशकार मान खाली घालून लिहीत होते. समोर कोण आहे हे बघायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"शौहर की पैदाइश कहाँ की?"

"हे लातूरला जन्मले, जी."

"मकान?"

"ह्यांचं घर गंजामागं हाय."

"काम?"

"हे लढाईत सरकारच्या बोटीवर होते. आता नॉर्वेच्या बोटीवर जायचं म्हणतात."

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. तहसीलदारांनी चष्मा पुसला आणि ते मराठीत म्हणाले, "मुंबईत राहतात. तिकडे चळवळवाल्यांचा अड्डा आहे. चळवळीशी काही ताल्लुक?"

हा प्रश्न तिनं घोकला नव्हता. तिच्या डोक्यात एकच होतं, नवऱ्याला ह्यातून बाहेर काढायचं. तोच त्यांच्या पदरात पडायला हवा. तिनं चळवळ पुढं घातली आणि नवरा क्रियापदाला चिकटवला.

"चळवळीत हे नव्हते."

पेशकारांचा टाक कुरकुरत पुढं गेला. तहसीलदारांचा हात मात्र चष्म्यावर थांबला.

"हे नव्हते," ते तिच्याच सुरात, तिच्याच शब्दावर जोर देऊन म्हणाले. "तर मग कोण होतं, बाई?"

तिच्या कानात तिचंच वाक्य पुन्हा वाजलं, आणि त्यात माणिकप्पा लख्ख उभा होता. हे चळवळीत नव्हते, असं म्हणाली असती तर संपलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला आणि तिनं सांगून टाकलं की घरातला कुणीतरी होता.

"हे बोटीवर होते, जी," ती कशीबशी म्हणाली. "बोटीवर."

"ते मी ऐकलं." त्यांनी चष्मा चढवून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता की कंटाळा, तिला कळेना. मग त्यांनी कागद बाजूला सारला. "उद्या दुपारी, जोहरच्या नमाजनंतर, पोलिसांचे अमीनसाहेब तुमच्या घरी येतील. घर पाहतील. दस्तूर आहे. मग दाखल्याचं बघू."

ती बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अर्ध्या रस्त्यातून ती परत फिरली. अर्ज मागं घ्यावा, दाखला नको म्हणावं. कचेरीच्या फाटकापर्यंत गेली आणि थबकली. सकाळी दाखला पाहिजे होता, आता घर बघतो म्हणताच नको झाला, असं कोणतं घर हे? फाटकावरचा शिपाई तिच्याकडं बघायला लागला, तशी ती पुन्हा घराकडं वळली. यात्रेतले भोंगे, पिपाण्या, गुलाल, सगळं तिच्या अंगावरून वाहून गेलं.

घरी येऊन तिनं माणिकप्पाला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"भावजी, माझ्या तोंडून तुमचं नाव न्हाई निघालं. पर निघाल्यासारखंच झालं."

माणिकप्पा तापानं लालबुंद झाला होता. त्यानं भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. पायावर भार पडताच फडक्यातून रक्त झिरपलं आणि तो मटकन खाली बसला. "मी जातो, वैनी. मी इथं घावलो तर दादाचा कागद तर गेलाच, तुम्ही दोघीबी जाल."

"ह्या पायानं कुठं जाता?"

नागम्मानं सुनेला गप्प केलं. "भांडू नका. गुरम्माला बोलाव."

गुरम्मा म्हणजे गुरुपादप्पाची बायको. तिचं माहेर बार्शीच्या वाटेवरचं मुरुड. तिचा भाऊ बसवंत यात्रेला गाडी घेऊन आलेला होता आणि सकाळी परत निघणार होता. गुरम्मानं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याला विचारायलासुद्धा गेली नाही. म्हणाली, "माझ्या माहेरची गाडी हाय. यात्रेत उलट्या लागलेलं माणूस घेऊन मी माहेरी चाललेय. त्यात कुणाला काय वाटायचंय? झाकून नेलं तर झडती घेतील. उघडं न्यायचं."

सकाळी उन्हं वर आल्यावर, रस्ता गाड्यांनी भरलेला असताना, त्यांनी माणिकप्पाला समोरच्या दारानं बाहेर आणलं. कपाळाला विभूती, खांद्यावरून घोंगडी, पाय कडब्याच्या पेंडीखाली. गुरम्मानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडीत आणखी दोन बायका होत्या, त्यांच्या पोरांच्या हातात पिपाण्या होत्या. बसवंतानं बैलांना हाक दिली.

गल्लीच्या तोंडाशी काठ्या घेतलेले दोघे रझाकार उभे होते. शिवकांता दारात उभी राहून बघत होती. गाडी तिथं थांबली. एकानं वाकून आत पाहिलं. गुरम्मा हातवारे करून काहीतरी सांगत होती. मागच्या गाड्या अडल्या, गाडीवान ओरडायला लागले. मग उंटावर मेवा घेऊन कुणी आला आणि त्याच्या आड सगळं झाकलं गेलं. उंट पुढं सरकला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडी नव्हती. ती मुरुडच्या वाटेला लागली की कुणी वळवून कचेरीकडं नेली, हे तिला दिसलंच नाही.

विचारायला जायची सोय नव्हती. तिनं रक्ताळलेली फडकी चुलीत घातली. आतली खोली शेणानं सारवली. पोती हलवून थप्पी सरळ केली. तरी खोलीत हळदीचा उग्र वास कोंडून राहिला होता. नागम्मानं तो हुंगला, पाट्यावर आणखी हळद वाटली आणि आपल्या दोन्ही गुडघ्यांना लेप घालून, पातळ वर करून, खोलीच्या दारातच पाय पसरून बसली.

अमीन सांगितल्या वेळी आला. बरोबर दोन शिपाई. म्हातारीचे उघडे गुडघे बघून तो जरा अवघडला, पण खोलीत शिरला. पोती हलवून पाहिली. वर चढून माळवद पाहिलं.

"हळदीचा वास येतोय."

"गुडघे धरलेत, बाबा," नागम्मा म्हणाली. "दोन पावसाळे झाले. तुमच्याकडं काही औषध हाय का?"

अमीन शिवकांताकडं वळला आणि सहज, गप्पा मारल्यासारखा म्हणाला, "माणिकप्पा परत कधी गेला?"

शिवकांताच्या जिभेवर "कधीच न्हाई" आलं होतं. दातांमागं तिनं ते अडवलं. कधीच गेला नाही, तर मग आहे कुठं? आलाच नाही म्हणावं, तर चांगलं पाठ करून ठेवल्यासारखं वाटेल. ती नुसती बघत राहिली, आणि तिचं ते बघणंच आपला घात करतंय असं तिला वाटू लागलं.

"माणिक आला व्हता?" नागम्मा एकदम ओरडली. ती भिंत धरून उठायला लागली. "कुठं दिसला तुम्हाला? जिता हाय का? अगं शिवकांता, ऐकलीस का, माणिक आला व्हता म्हणे! लातुरात येऊन माझ्या दाराला आला न्हाई? मी न्हाऊ-माखू घातलेलं लेकरू, आणि त्यानं मला तोंड दाखवलं न्हाई?" तिला खरोखरीचं रडू फुटलं. ते कुठून आलं हे शिवकांताला माहीत होतं. सकाळपासून म्हातारीनं ते कोंडून ठेवलं होतं. "साहेब, सांगा की, कुठं हाय तो?"

ती अमीनचा हात धरायला गेली. हळदीचे हात बघून तो मागं सरला. आता सांगायचं त्याच्यावर आलं होतं आणि त्याच्याजवळ सांगायला काही नव्हतं. "चौकशी चालू आहे," एवढं म्हणून तो शिपायांना घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी दोघींनी चूल पेटवली नाही. गाडीचं काय झालं, हे दुसऱ्या दिवशीही कळलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरम्मा परतली. दारातूनच म्हणाली, "पोचला. मुरुडहून माझ्या भावानं हद्दीपार नेला. बार्शीच्या दवाखान्यात हाय. पाय राहतोय का, ते डॉक्टर सांगंना."

मग कचेरीचं बोलावणं आलं.

माधवराव पेशकारांनी तिची जबानी उर्दूत वाचून दाखवली. एकसुरात, मान खाली घालून. पैदाइश लातूर. मकान गंज के पीछे. शिवकांता कान टवकारून ऐकत होती. ते वाक्य आलं: "मुज़हिरा का शौहर तहरीक में शरीक न था." जबानी देणारीचा नवरा चळवळीत सामील नव्हता.

शब्द तिचेच होते. पण नवरा पुढं जाऊन बसला होता, चळवळ मागं गेली होती, आणि ज्या 'हे'वर तिचा सगळा जोर पडला होता तो कुठंच नव्हता. पेशकारांनी रोजच्या साच्यात घालून लिहिलं होतं. त्या वाक्यात दुसरा कुणीही उभा नव्हता.

तिनं तहसीलदारांकडं पाहिलं. ते तिच्याकडंच बघत होते.

"जबानी बरोबर आहे?" त्यांनी मराठीत विचारलं.

"जी."

"अमीनसाहेबांना काही मिळालं नाही." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "माझे कान आता म्हातारे झालेत, बाई. मी कागदावर असतं ते वाचतो."

आणि त्यांनी सही केली.

घरी येताना तिच्या मनात येत राहिलं, ज्याला घराची झडती घ्यायची असते तो आदल्या दिवशी वेळ सांगतो का? विचारायची तिची छाती नव्हती, आणि पुढं कधी संधीही आली नाही. पावसाळ्याआधीच त्यांची बदली झाली.

दाखला गुरुपादप्पानं पागोट्यात घालून बार्शीला नेला, तिथून तो मुंबईला गेला. बोट भरून निघायच्या बेतात होती. वीरभद्राला घेतलं. हे सगळं कळायला चैत्र उजाडला. तोवर दारावर पाऊल वाजलं की दोघी एकमेकींकडं बघायच्या.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गंजात पेढे वाटले. माणिकप्पा बार्शीहून काठी टेकत आला. पाय राहिला होता, पण गुडघ्याखाली वाळून गेला होता. नागम्मानं त्याला ओवाळलं. शिवकांताही हसत होती, आणि हसता हसता तिला आठवलं.

"भावजी, ह्यांच्याजवळचा कागद त्या सरकारचा हाय."

"मग?"

"ते सरकारच राहिलं न्हाई. पुढल्या बंदरात त्यांना विचारतील, कुणाचा म्हणून. काय सांगायचं त्यांनी?"

सगळ्या गल्लीत वाजंत्री चालली होती. कुठल्या बंदरात, कुठल्या पाण्यावर तिचा माणूस असेल, हे त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कचेरीत गेली. माणिकप्पा बरोबर होता. झेंडा बदलला होता, खुर्चीवर नवा माणूस होता आणि तो मराठीच बोलत होता. बाहेर माणसांची ही रांग लागली होती: कुणाला घर परत पाहिजे होतं, कुणाला भाऊ. तिचं ऐकून नव्या अधिकाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. असा दाखला कुणी द्यायचा, ह्याचा हुकूम अजून त्याच्याकडं आलेला नव्हता. "पुढल्या आठवड्यात या," तो म्हणाला.

ती पुढल्या आठवड्यात गेली. त्याच्या पुढल्याही. हुकूम दिवाळीनंतर आला आणि नवा दाखला मुंबईच्या एजंटाकडं रवाना झाला. वीरभद्र त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घरी आला. वाळलेला, दाढी वाढलेला, चट्टा आणखी काळा झालेला. दोन बंदरांत त्याला बोटीवरून उतरूच दिलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. कठड्याला टेकून तो नुसता गावाचे दिवे बघत बसायचा.

"काय म्हणायचे ते?" तिनं विचारलं.

"काही न्हाई. कागद बघायचे आणि मान हलवायचे."

तिनं तुपाची वाटी जवळ ओढली.